हरी धुरीच्या खळ्यातलं उन्हाचं पाणी

माझ्या लग्नाच्या पंगतीत हरी धुरीने पाण्याचा पेला उचलला, आधी नाकाशी नेला, मग एक घोट जिभेवर फिरवून बाजूला थुंकला आणि वाढणाऱ्याला विचारलं, “ह्यां पाणी खंयच्या बावीतलां?” माझे सासरे समोरच उभे होते. कणकवलीकडची माणसं तशी सोशिक, पण त्यांनीही मला बाजूला घेऊन विचारलं, की हे गृहस्थ तुमच्याकडचेच ना? मी म्हटलं, आमच्या वाडीचे आहेत, स्वभावच तसा आहे. लग्नाच्या दिवशी याहून जास्त काय सांगणार?

पूर्ण नाव हरिश्चंद्र. तो स्वतः कधी खोटं बोलला नाही, हे मी कुठेही सांगेन. पण जगात दुसरं कुणी खरं बोलत असेल, यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. बांगडा घेताना तो प्रत्येक बांगड्याचे कल्ले उघडून बघायचा, त्यामुळे कोळणी त्याच्या दारासमोरून पाय उचलून पुढे जायच्या. मालवणच्या डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली, तर “आदी तुमी घेवा” म्हणाला होता. मी शाळेची घंटा दिली की हा आपल्या माडाच्या सावलीकडे बघायचा, आणि संध्याकाळी मला सांगायचा, “मास्तर, आज तुमी पोरांका येळेआदी सोडलास.” मी पुळणवाडीच्या शाळेत मास्तर, तो शाळेशेजारचा बागायतदार, तेव्हा हे मला रोजच ऐकावं लागे. माझा स्वभाव काही गरीब नाही. आमची महिन्यातून एकदा तरी जुंपायची.

कुणाच्याही घरी, देवळात, लग्नात, मयतात, हरी पाणी हुंगल्याशिवाय पीत नसे. फक्त आपल्या घरी त्याची बायको लक्ष्मी तांब्या पुढे ठेवायची आणि हा न बघताच तो घटाघटा रिकामा करायचा. मूलबाळ नव्हतं. दोघंच. लक्ष्मीवहिनींचा आवाज शाळेपर्यंत कधी आल्याचं मला आठवत नाही.

आता पाण्याच्या बाबतीत माणूस संशयी असला तर त्यात त्याचा एकट्याचा दोष धरता येत नाही. पुळणवाडी मालवण आणि तारकर्लीच्या मध्ये, अगदी समुद्राच्या पुळणीला चिकटून. पावसाळा संपला की आमच्या बावी, म्हणजे विहिरी, गोड असत. होळीनंतर पाणी मचूळ लागायला लागे आणि वैशाखात त्यात डाळ शिजत नसे, चहात दूध घातलं की फुटे. मग बायका शेतं ओलांडून मळ्यातल्या बावीवर जात. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि पायाखाली तापलेली वाळू. माझी बायको पहिल्या उन्हाळ्यात रडली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात तिने रडणं सोडलं, आणि मला ते जास्त लागलं.

संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एक इंजिनियर आमच्याकडे आला. समुद्राचं पाणी गोडं करून किनाऱ्यावरच्या वस्त्यांना पुरवायचं, पण त्यासाठी कुठली तऱ्हा कमी इंधनात जास्त पाणी देते ते आधी पाहायचं, असं त्याचं काम होतं. देवळाच्या मंडपात सभा भरली. इंजिनियर तरुण, पुण्याकडच्या बोलीचा, पण समजावून सांगणारा होता.

“दोन तऱ्हा आहेत,” तो म्हणाला. “पहिली भट्टीची. खारं पाणी उकळायचं, वाफ थंड करून गोडं पाणी घ्यायचं. यात लाकूड फार जळतं. म्हणून आपण एकाऐवजी तीन भांडी ओळीने लावू. पहिल्या भांड्याच्या वाफेवर दुसरं तापेल, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरं.”

बाहेर दीपमाळेपाशी बसलेल्या बायकांना हे आमच्या आधी समजलं. चुलीच्या बाजूला वैल असतो, चुलीच्याच धगीवर त्यावर भात मुरतो, तसंच हे. एकाच लाकडात तीनदा काम.

“दुसरी तऱ्हा उन्हाची. सिमेंटची उथळ टाकी करायची, आतून काळी. त्यात समुद्राचं पाणी भरायचं आणि वर घराच्या छपरासारख्या उतरत्या काचा बसवायच्या. उन्हाने पाण्याची वाफ होते, काचेला आतून घाम येतो, तो घाम ओघळून पन्हळीत आणि पन्हळीतून कळशीत. यात इंधन शून्य. पण पाणी थोडं मिळतं आणि जागा पुष्कळ लागते.”

“पावसात ऊन खंयसून हाडतलास?” हरीने विचारलं.

“पावसात काचेवरचं पाणी धरता येईल. तेव्हा तुमच्या बावीही गोड असतात ना?”

“आनी भट्टीक लाकडां खंयची?”

यावर इंजिनियरच्या आधी बाबू तोडणकर बोलला. हा बाबू काही वर्षं बोटीवर बॉयलरपाशी काम करून परत आलेला. भट्टीवर त्याचा भारी जीव. “लाकडां काय, लागतली तेवढी गावतली. अरबांच्या मुलखात समुद्र उकळून शेरांक पाणी देतत. मी डोळ्यांनी बगलंय.”

“तेंच्याकडे त्याल आसा,” हरी म्हणाला. “आमच्याकडे काय आसा? देवाची राय.”

 देवळामागे आमची राय होती, जुनी झाडं, कुऱ्हाड न लागलेली. भट्टी एकदा पेटली की बाहेरचं लाकूड संपेपर्यंत बाहेरचं जळेल, आणि मग वैशाखातल्या एखाद्या दिवशी, बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या असताना, कुणीतरी रायीकडे बोट दाखवील. हे सगळ्यांना कळत होतं. पाणी तर हवंच होतं. त्यामुळे काचेची टाकी चालली तर राय वाचणार, नाही चालली तर भट्टी येणार, असा सरळ मामला होता.

इंजिनियरने दोन्हींचे नमुने उभारायचं ठरवलं. दोन्हींचं पाणी रोज मोजायचं आणि तपासायचं, आणि वैशाख सरता तो येऊन निकाल देणार. काचेच्या टाकीवर राखण कुणी करायची, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं. कुणावरही विश्वास न ठेवणारा माणूस राखणीला बरा, हे गावालाही कळतं. हरीनेही मग अट घातली, की टाकी माझ्याच दारच्या खळ्यात बांधायची. दुसऱ्याच्या दारात काय चाललंय ते मला दिसत नाही, म्हणाला.

भट्टी पुळणीवर, बाबूच्या ताब्यात. तिची तांब्याची नळी आणि धूर बघून पहिल्याच आठवड्यात मालवणहून हवालदार आला. दारूबंदीचे दिवस. त्याने भांड्यात नाक घातलं, नळीतलं पाणी बोटावर घेऊन चाखलं आणि निराश होऊन निघून गेला. हरीला त्याचाही संशय. “दुसऱ्यांदा चाखल्यान कित्या?” तो मला म्हणाला. “पाणीच आसा तर एकदा चाखून कळना नाय?”

टाकी बांधली दत्ताराम गवंड्याने. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्या हातच्या. काचेचं काम त्याने पूर्वी केलेलं नव्हतं, पण इंजिनियरने कागदावर काढून दाखवलं आणि त्याने सांधे असे बसवले की मुंगी जायला फट नाही. हरी शेजारी बसून प्रत्येक सांधा नखाने खरवडून बघत होता. दत्ताराम एकदाही चिडला नाही. मी असतो तर थापी फेकून मारली असती.

टाकीची पन्हळ तुळशीच्या अंगाला निघाली, म्हणून कळशी तुळशीवृंदावनाच्या पुढ्यात, एका दगडावर ठेवली. हरीने घरातली तांब्याची कळशी दिली, चिंचेने घासून. तपासणीच्या औषधाची बाटली इंजिनियरने माझ्याकडे ठेवली होती. पाण्यात मीठ असेल तर त्या थेंबांनी पाणी दुधाळ होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. रोज संध्याकाळी, ऊन कललं की मी हरीच्या खळ्यात जायचो. आम्ही कळशी मोजायचो, पेलाभर पाणी घेऊन थेंब टाकायचो, मग कळशी रिकामी करून परत दगडावर ठेवायचो आणि लगेच दोघंही भट्टीकडे निघायचो. अंधार पडायच्या आत तिथलंही मोजायला हवं. हरी मला एकट्याला पाठवायला तयार नव्हता. बाबू मला भुलवील अशी त्याची खात्री होती.

पहिल्या संध्याकाळी थेंब टाकले. पाणी स्वच्छ राहिलं. वाडी जमली होती. सगळ्यांनी एकेक ओंजळ घेतली. “रुची नाय गो ह्येका,” एक म्हातारी म्हणाली. पण खारट नव्हतं. दत्ताराम कोपऱ्यात उभा राहून लहान पोरासारखा हसत होता.

दुसऱ्या संध्याकाळी थेंब टाकले आणि पाणी दुधाळ झालं.

मी पेला धुऊन परत टाकले. परत तेच. हरीचा चेहरा मी पाहिला. घाबरण्याऐवजी तो खूश झाल्यासारखा दिसला. आयुष्यभर ज्याची वाट बघत होता तो चोर अखेर आला होता.

“काल चोख, आज खारां,” तो म्हणाला. “कोणीतरी हात घातल्यान.”

तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्याही. खारटपणा फार नव्हता, जिभेला जेमतेम कळे, पण थेंब खोटं बोलत नव्हते. ते पाणी हरी कुणाला पिऊ देईना, सगळं माडाच्या आळ्यात ओते. भट्टीचं पाणी मात्र रोज स्वच्छ. बाबू नुसता पेला उजेडात धरून दाखवायचा.

त्यानंतरचे आठवडे मला आजही आठवले की डोकं दुखतं. हरीने खळ्याला नव्याने कूड घातला, काट्यांचा. दिवसभर टाकीसमोर बसून राहायचा, जेवणही तिथेच. कुत्रं आलं तरी त्याच्या मागे धावे, त्याने कळशीत तोंड घातलं की काय म्हणून. शेजारच्या सावित्रीने कुंपणावरून लक्ष्मीवहिनींकडे विस्तव मागितला तर “आज कित्याक? काल कित्याक नाय?” अशी तिची उलटतपासणी. हवालदाराचं चाखणं त्याला पुन्हा आठवलं. थेंबांची बाटली बाबूने बदलली असेल असं एकदा म्हणाला, म्हणजे ती माझ्याकडून बदलली गेली असणार. मी दोन दिवस त्याच्याकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तोच शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. “मास्तर, तुमी नाय तर कोण तपासतलो?” म्हणाला. माझ्यावर विश्वास आहे असं काही म्हणाला नाही. ते त्याच्या तोंडून निघालंच नसतं.

मग संशय दत्तारामावर स्थिरावला. सांधा फुटला असेल, टाकीतलं खारं पाणी पन्हळीत झिरपत असेल, असं आधी बोलणं होतं. दत्तारामाने काचा उतरवल्या, सगळे सांधे नव्याने डांबराने बुजवले. कुठेही ओल नव्हती. तरी संध्याकाळी पाणी दुधाळ. तेव्हा हरी चार माणसांदेखत त्याला म्हणाला, “दत्ताराम, खरां सांग. बाबून तुका काय कबूल केल्यान?”

दत्तारामाने हातातली थापी खाली ठेवली. “हरीदादा, माज्या हातची भिंत अजून झिराक नाय,” एवढंच म्हणाला आणि काट्यांच्या कुडातून निघून गेला. थापी तिथेच राहिली. लक्ष्मीवहिनींनी ती उचलून धुऊन पडवीत ठेवली. “तेचो काय गुन्हो नसतलो,” त्या हळूच म्हणाल्या. “तुका काय कळता ह्येच्यातलां?” हरी म्हणाला.

बोलणं वाडीभर व्हायला वेळ लागत नाही. वायरी गावात एकाचा गोठा दत्ताराम बांधत होता. त्या मालकाने दुसरा गवंडी आणला. देवळाच्या पायऱ्यांची दुरुस्ती निघाली होती, ती पुढे ढकलली. दत्ताराम घरात बसून राहिला. मला हरीचा राग आला होता आणि मी तो बोलूनही दाखवला. पण पाणी खारट होतं हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. 

निकालाची सभा दोन दिवसांवर आली. त्या संध्याकाळी आम्ही कळशी मोजली, तपासली, रिकामी केली, आणि नेहमीप्रमाणे मी भट्टीकडे वळलो. हरीने माझा दंड धरला. “आज जाऊचां नाय. मांगरात बसूया. आमी रोज ह्याच येळेक हयसून जातंव. चोरूक हीच येळ बरी.”

“मग तू बस. मी भट्टीवर जातो.”

“नको. माज्या एकट्याच्या डोळ्यांवर माजो इस्वास नाय.”

हसावं की रडावं कळेना. खळ्याच्या कडेला त्याचा मांगर होता, नारळाची सोडणं आणि झावळ्या ठेवायचा. आम्ही दोघे त्यात सोडणांवर बसलो. फटीतून कळशी समोर दिसत होती. उजेड उतरत गेला. कुडाकडून कुणी आलं नाही. कुत्रंसुद्धा आलं नाही.

दार उघडलं ते घराचं. लक्ष्मीवहिनी दिवा घेऊन बाहेर आल्या. तुळशीपाशी दिवा ठेवला, पदर सारखा करून हात जोडले, वाकल्या. उठताना त्यांची नजर कळशीत गेली. त्या थांबल्या. मग घराच्या बाजूच्या बावीवर गेल्या, तिथल्या कोळंब्यातून, पाण्याच्या कुंडीतून, तांब्या भरून आणला, आणि कळशीत ओतला. ओला हात पदराला पुसला आणि आत गेल्या.

मी हरीकडे बघितलं नाही. बघवलं नाही. तिन्हीसांजेला, दिवेलागणीला, दारात तुळशीपुढे रिकामी कळशी ठेवत नाहीत. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी आई ठेवत नसे, माझी बायको ठेवत नाही. रिकामं भांडं दिसलं की तांब्याभर पाणी घालायचं, हात आपोआप जातो. आणि आम्ही दोघे शहाणे रोज बरोबर त्याच वेळेला ती कळशी पालथी करून, रिकामी ठेवून निघून जात होतो. पहिल्या दिवशी पाणी चोख का होतं, हेही आता स्पष्ट होतं. त्या सकाळी कळशी घासून कोरडी मांडली होती. वैशाखातलं बावीचं मचूळ पाणी तिच्यात पडलं ते त्या संध्याकाळनंतर. रात्रीही पन्हळ थोडी गळत राही, त्यामुळे सकाळी कळशीत पाणी दिसलं तरी आम्हाला नवल वाटलं नव्हतं.

“मास्तर,” हरी म्हणाला, “तुमी पण बगलास मां?”

“बघितलं.”

तो सोडणांवरून उठेचना. मी म्हटलं, “एवढं काय झालं? उद्या कळशीवर फडकं बांध. परवा इंजिनियर तपासील, पाणी स्वच्छ निघेल. कुणाला काही सांगायला नको.”

“आनी दत्ताराम?” तो म्हणाला.



सभेला मंडप भरला होता. बायका नेहमीप्रमाणे बाहेर दीपमाळेपाशी. इंजिनियरने दोन्हीकडचे आकडे वाचले. तीन भांड्यांची भट्टी एका भांड्याच्या मानाने लाकूड खूपच वाचवते, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं, तरी दर आठवड्याला गाडीभर लाकूड गेलंच होतं. काचेच्या टाकीला काहीच जाळावं लागलं नव्हतं. “पण तिचं पाणी खारट निघतंय,” तो म्हणाला. “इथे एका टाकीत हे होतं तर शंभर टाक्यांत काय होईल? मला भट्टीची शिफारस करावी लागेल.”

हरी उभा राहिला. “सायब, टाकी खारी नाय. खारां पाणी माज्या घरातसून इलां. माज्या बायलेन तिनसांजेक कळशेत ओतल्यान. रोज. दत्तारामाचो काय एक गुन्हो नाय.”

 मागून कुणीतरी हसलं, आणि बाबू म्हणाला, “आता सुचलां तुका ह्यां? निकालाच्या दिशी?”

“मास्तरांनी पण बगल्यानी.”

“मास्तर पयल्यापासून काचेच्या बाजून. दोगांनी मिळान रचलास.”

“पुरावो काय?” दुसरा म्हणाला.

“राय वाचवूक बायलेचां नाव घेता,” तिसरा.

माझी कानशिलं तापली. मी बोलायला उठलो, पण हरीच्या तोंडाकडे बघून बसलो. वीस वर्षं हा माणूस या सगळ्यांना पुरावा मागत आला होता. माशाला, औषधाला, घंटेला, पाण्याला. आज जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या नुसत्या शब्दावर कुणीतरी विश्वास ठेवायला हवा होता, आणि मंडपात तसा एकही माणूस नव्हता. मला त्याची कीव आली. थोडंसं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

तो वळला आणि मंडपाच्या कडेला गेला. “लक्ष्मी,” त्याने हाक मारली. सगळ्या वाडीसमोर त्याने तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली ती तेवढीच. “हय ये गो. सांग तेंका.”

लक्ष्मीवहिनी दीपमाळेपासून पुढे आल्या आणि पायरीखाली उभ्या राहिल्या. इंजिनियरने अदबीने विचारलं, “वहिनी, तुम्ही कळशीत पाणी घालत होता?”

“होय. रोज एक तांब्यो.”

“का?”

त्यांनी इंजिनियरकडे असं बघितलं, की याला आई आहे की नाही. “तिनसांजेक तुळशीम्होरां रिकामी कळशी ठेवतत काय?”

बायकांमधून एक हुंकार उठला. मंडपातल्या पुरुषांच्या माना खाली गेल्या, कारण प्रत्येकाच्या घरात तेच होत होतं. त्या घटकेपासून कुणाला पुरावा लागला नाही.

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“माका कोणी इचारल्यानच नाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शाळेपर्यंत ऐकू गेला असता. “हेंनी गावातल्या सगळ्यांका इचारल्यानी. हवालदाराक, मास्तरांका, सावित्रीक. दत्तारामाक तर चोर केल्यानी. घरात मी होतंय. माजो संशय पण येवक नाय हेंका.”

हरी खांबाला धरून उभा होता. आपल्यावर नवऱ्याचा संशय आला नाही म्हणून रागावलेली बायको मी दुसरी पाहिली नाही. पण ती रागावली होती आणि तिचं बरोबर होतं. विश्वास वेगळा आणि नजरेतच नसणं वेगळं, हे त्या दिवशी हरीला आणि मलाही समजलं. घरी जाऊन मी माझ्या बायकोला विचारलं, तुला या टाकीचं काय वाटतं? ती म्हणाली, आज कसं सुचलं?

बाबू तसा सरळ माणूस. तो स्वतःच म्हणाला, “चला, आताच बगूया.” सगळी वाडी हरीच्या खळ्यात लोटली. कळशी बाजूला करून बाबूने आपल्या घरचं कोरडं भांडं पन्हळीखाली लावलं आणि स्वतः त्याच्यासमोर मांडी ठोकून बसला. भर दुपारचं ऊन. काचेला आतून घाम सुटलेला, पन्हळीतून थेंब पडत होते. पेलाभर पाणी साचायला बराच वेळ गेला, पण कुणी हललं नाही. मग इंजिनियरने औषध टाकलं. पाणी स्वच्छ राहिलं. बाबूने पेला उजेडात धरला, फिरवला, आणि लक्ष्मीवहिनींच्या हातात दिला.

“सायब,” हरी म्हणाला, “तुमच्या आकड्यांतलो रोजचो एक तांब्यो वजा करा. तितक्यां पाणी टाकीचां न्हय.” इंजिनियर हसला, पण त्याने खरंच वजा केलं.

एवढ्याने शहराला पाणी पुरणार नाही, त्यासाठी पुळणभर काचा लागतील, हे त्याने लपवलं नाही. जिथे इंधन आहे तिथे तीन भांड्यांची भट्टी चालेल, असंही म्हणाला. पण पुळणवाडीसारख्या वस्त्यांच्या पिण्यापुरत्या पाण्याला त्याने उन्हाच्या टाक्या लिहिल्या. पुळणीवर ओळीने बांधायच्या. आमची राय वाचली. निघताना लक्ष्मीवहिनींनी त्याला आपणहून सांगितलं, “कळशी सकाळी मेजा. म्हणजे तिनसांजेक ती रिकामी रवाची नाय.” इतकं साधं होतं ते. तेव्हापासून माप सकाळीच झालं.

राहिला दत्ताराम. काचेचे सांधे जमणारा दुसरा गवंडी होता कुठे? आणि असता तरी हरी दुसरीकडे गेला नसता, एवढं मी जाणतो. दुसऱ्या दिवशी धुतलेली थापी घेऊन तो माझ्याकडे आला. “मास्तर, चला माज्यावांगडा.” 

दत्ताराम पडवीत बसला होता. त्याने थापी बघितली, आमच्याकडे बघितलं, बसा म्हणाला नाही. पण दारात आलेल्याला पाणी न देणं आमच्याकडे होत नाही, मग तो कुणीही असो. त्याच्या आईने गुळाचा खडा आणि तांब्या आणून हरीपुढे ठेवला. हरीने थापी खाली ठेवली. माफी मागायला त्याने दोनदा तोंड उघडलं, आणि दोनदा मिटलं. त्याच्या जिभेला ते वळण नव्हतं.

मग त्याने तांब्या उचलला. दत्ताराम त्याच्या हाताकडे बघत होता, मीही बघत होतो. तांब्या नाकाशी थांबला नाही. हरीने तो सरळ ओठांना लावला आणि डोळे मिटून तळापर्यंत रिकामा केला. गुळाला हात लावला नाही.

दत्तारामाच्या आईने दुसरा तांब्या मला दिला. मी घोट घेतला. पाणी त्यांच्या दारच्या बावीचं, वैशाखातलं, इतकं खारट होतं की घशाखाली उतरेना.

दत्तारामाने हरीच्या रिकाम्या तांब्याकडे बघितलं. मग त्याने थापी उचलून मांडीवर घेतली, अंगठ्याने तिची धार बघितली.

“काचा कधी येतत?” त्याने विचारलं.